अक्षर एक, आंकडे अनेक



भांडणें दोन प्रकारचीं असतात. कांहींचा विषय डोळ्यांना दिसतो. बांध कोठें सरकला, पाणी कोणी वळविलें, हें चार शहाणीं माणसें जागेवर जाऊन पाहूं शकतात. कांहींचा विषय दिसतच नाहीं आणि म्हणूनच तीं अधिक लांबतात. आज ज्या वादासंबंधीं मी बोलणार आहें तो ह्या दुसऱ्या प्रकारांतला आहे. मराठी अक्षर संगणकाच्या पोटांत कोणत्या आंकड्यानें सांठवावें, एवढाच तो वाद. छापखान्यांत, कचेऱ्यांत, वृत्तपत्रांच्या कार्यालयांत आणि संगणकावर मराठी लिहिणाऱ्या मंडळींत तो अनेक वर्षें चालू आहे. ऐकणाऱ्याला वाटतें, हा कारागिरांचा आपसांतला तंटा आहे. आपला त्याशीं काय संबंध? तो संबंध काय आहे, तेंच आज मला आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम मूळ गोष्ट. संगणकाला क माहीत नाहीं, ख माहीत नाहीं. त्याला केवळ अंक कळतात. म्हणून लिहिणाऱ्यानें आणि वाचणाऱ्यानें आधींच एक करार करावा लागतो कीं, अमुक अंक म्हणजे अमुक अक्षर. तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टमागें जसा करार होता तसाच हा. अमेरिकेंत १९६३ सालीं असा एक तक्ता ठरला. त्यांत एकंदर १२८ जागा होत्या आणि रोमन अक्षरें, अंक, विरामचिन्हें व यंत्राला द्यावयाच्या कांहीं सूचना, एवढ्यांचीच त्यांत सोय होती. मराठीला तेथें जागा नव्हती.

तेव्हां आपल्यापुढें दोन वाटा होत्या. पहिली सरळ. आपल्या अक्षरांना स्वतःचे अंक देणारा तक्ता करावयाचा. तसा तक्ता झालाही. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं 'इस्की' ह्या नांवानें ओळखला जाणारा संकेत प्रमाण म्हणून प्रसिद्ध केला. त्यांत रोमन अक्षरें आपापल्या जागीं राहिलीं आणि वरच्या रिकाम्या जागांत भारतीय अक्षरें बसविण्यांत आलीं. बंगाली क, तेलुगु क आणि देवनागरी क ह्या सर्वांना त्यांत एकच अंक होता, हें त्याचें वैशिष्ट्य.

दुसरी वाट आडवळणाची; पण व्यवहारांत बरींच वर्षें तीच चालली. अंक रोमन अक्षरांचेच ठेवावयाचे आणि पडद्यावर त्या जागीं चित्र मात्र देवनागरीचें काढावयाचें. ह्या चित्रसंचाला आपण फाँट म्हणतों. कृतिदेव, श्रीलिपि, आकृति, शिवाजी हीं नांवें छापखान्याशीं संबंध आलेल्या प्रत्येकाला परिचित आहेत. कृतिदेव फाँटांत 'भारत' हा शब्द दिसावा म्हणून संगणकाच्या पोटांत जीं अक्षरें सांठविलेलीं असतात तीं म्हणजे एच, के, के, जे आणि आर. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के त्याला काना देऊन पुरा करतो, दुसरा के म्हणजे आकाराचा काना, जे म्हणजे र आणि आर म्हणजे त. जोंवर तो फाँट त्या संगणकावर आहे तोंवर आपल्याला 'भारत' दिसतो. फाँट काढून घ्या, कीं उरतात पांच निरर्थक रोमन अक्षरें. मुखवटा उतरला कीं नट ओळखूं येऊं नये, तसा हा प्रकार आहे. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. एका फाँटांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या फाँटांत पाहिला, तर जें दिसतें तें कोणत्याच भाषेचें नसतें.

ह्या दोन वाटांतला खोल फरक आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतल्याच दोन गांवांच्या नांवांवरून समजेल. 'दिग्रस' म्हणतांना आधीं द् उच्चारला जातो आणि मग इकार येतो. लिहितांना मात्र वेलांटी दच्या आधीं उभी असते. 'आर्णी' म्हणतांना र् आधीं आणि ण नंतर. लिहितांना रफार शेवटीं अक्षराच्या डोक्यावर चढतो. टाईपरायटर डोळ्याचें ऐकतो. त्यावर दिग्रसची वेलांटी सर्वांच्या आधीं आणि आर्णीचा रफार सर्वांच्या शेवटीं. जुने फाँट बहुधा ह्याच वळणानें चालले. इस्की आणि त्याच्या पाठोपाठ आलेला युनिकोड हे मात्र कानाचें ऐकतात. त्यांत द आधीं व इकार नंतर, र् आधीं व ण नंतर. वेलांटी आणि रफार योग्य जागीं चितारण्याचें काम यंत्रानें करावयाचें. वीस-पंचवीस वर्षें ज्याच्या बोटांना डोळ्याच्या क्रमाची संवय झाली आहे, त्याला कोणी येऊन सांगितलें कीं, आतां कानाच्या क्रमानें लिहा, तर तो रागावणार नाहीं काय? वादाचें पहिलें कारण हें असें अगदीं मानवी आहे.

युनिकोड म्हणजे जगांतल्या सर्व लिप्यांसाठीं एकच तक्ता. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालींच निघाली आणि त्यांतली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या एका आवृत्तीवरून घेतलेली आहे. देवनागरीसाठीं त्यांत १२८ जागांचा एक सलग पट्टा राखलेला आहे. क हा त्यांत केवळ क च असतो. तो कोणा रोमन अक्षराचा वेष घेऊन येत नाहीं. केंद्र सरकारनें २००९ सालीं शासकीय संगणकव्यवहारासाठीं युनिकोड हाच संकेत प्रमाण मानला. एवढें झाल्यावर वाद मिटावयास हवा होता. तो मिटला नाहीं, आणि त्याचा दोष केवळ हट्टाला देणें न्यायाचें होणार नाहीं.

छापखानेवाल्यांची बाजू ऐका. ते म्हणत, 'तुमचा युनिकोड शास्त्रशुद्ध असेल. पण आमच्या पृष्ठरचनेच्या प्रोग्रामांत तो चालत नाहीं त्याला आम्ही काय करावें?' हें खरें होतें. पेजमेकर हा प्रोग्राम अनेक छापखान्यांचा उजवा हात होता आणि त्याला युनिकोडांतली देवनागरी कधींच जमली नाहीं. रात्रीं ठराविक वेळेला अंक छापून झाला पाहिजे, सकाळीं एस्.टी.नें तो गांवोगांवीं गेला पाहिजे. तेथें तत्त्वासाठीं जोडाक्षर फुटून चालत नाहीं. शिवाय जुन्या फाँटांचें वळण कसलेल्या कारागिरांनीं घडविलेलें होतें. आरंभींच्या युनिकोड फाँटांत मराठी ल आणि श यांच्या जागीं हिंदी वळणाचे ल आणि श दिसत, तें मराठी डोळ्याला खुपे. ही तक्रार क्षुद्र नव्हती.

दुसरी तक्रार जागेची. आपल्या जिल्ह्याचें 'यवतमाळ' हें नांव घ्या. त्यांत काना धरून सहा चिन्हें आहेत. इस्कींत त्याला सहा बाइट पुरत. युनिकोड फाईलींत उतरविण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांपैकीं सोळा अंशांच्या पद्धतींत बारा बाइट लागतात; आणि १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक या दोन तज्ज्ञांनीं बांधलेल्या, आज जगभर रूढ झालेल्या यूटीएफ-आठ पद्धतींत अठरा. इंग्रजी अक्षराला मात्र त्याच पद्धतींत एकच बाइट पुरतो. एकाच्या घरांत पाहुण्याला तीन पानें आणि दुसऱ्याला एक, हा कोठला न्याय, असें कोणी विचारलें तर त्यांत तथ्य होतें. मोबाईलवरच्या साध्या संदेशांत रोमन अक्षरें १६० मावतात आणि देवनागरी चिन्हें ७०, हें आजही तसेंच आहे. तथापि मजकूर सांठविण्यापुरता हा आक्षेप आतां दुबळा झाला आहे. मोबाईलवर काढलेलें एखादें छायाचित्र जेवढी जागा अडवितें, तेवढींत एक अख्खी मराठी कादंबरी तिप्पट बाइट घेऊनही मावूं शकते.

यंत्रानें लिपीशीं झगडावें, हें मराठीला नवें नाहीं. छापखान्याच्या सोयीसाठीं देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न लोकमान्य टिळकांनीं केला. सावरकरांनीं अ ची बाराखडी सुचविली. त्या वादांचा निकाल मात्र वाचकाच्या हातीं होता. नवें रूप कागदावर दिसे. तें रुचलें तर रुचलें, नाहीं तर नाहीं. आजच्या वादांत वाचकाला कांहींच दिसत नाहीं. पडद्यावर अक्षर जसेंच्या तसें असतें. फरक आंत आहे. म्हणून निकाल कारागिरांच्या हातीं राहतो, आणि त्याचा परिणाम पुढें वर्षांनीं वाचकाला भोगावा लागतो.

माझ्या मतें ह्या भांडणाचा पुष्कळसा भाग तीन निराळ्या वस्तू एकच मानल्यामुळें उत्पन्न झाला आहे. पहिली वस्तु कळफलक, म्हणजे बोटानें कोणती कळ दाबावयाची. दुसरी वस्तु संकेत, म्हणजे आंत कोणता अंक सांठवावयाचा. तिसरी वस्तु वळण, म्हणजे डोळ्याला आकृति कशी दिसावी. जुन्या फाँटांनीं ह्या तिन्हींची एकच मोळी बांधून दिली होती, म्हणून त्या वेगळ्या आहेत हेंच आपण विसरलों. वास्तविक टाईपरायटरच्या जुन्या वळणानें बोटें चालवून आंत युनिकोड उमटविण्याची सोय आज उपलब्ध आहे. तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या टंकलेखकाला आपली बोटें बदलावीं लागत नाहींत. मराठी वळणाचे ल आणि श दाखविणारे युनिकोड फाँटही आज आहेत. राज्य शासनानें २००९ सालीं जी प्रमाण वर्णमाला जाहीर केली तिच्यांतही ल आणि श यांचीं हींच मराठी रूपें धरलेलीं आहेत. त्यांच्यासाठीं अंक बदलावा लागत नाहीं. आकृति तेवढी बदलावी लागते. म्हणजे बोटांची संवय ज्याची त्याला ठेवतां येते आणि डोळ्याची आवडही ज्याची त्याला जपतां येते. एकमत हवें तें फक्त मधल्या वस्तूविषयीं, संकेताविषयीं; कारण तो एकट्या लिहिणाऱ्याचा नाहीं. तो लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा करार आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, सर्वांनीं युनिकोड पत्करला म्हणजे संपलें. तसेंही नाहीं, घरच्या घरांतही वाद आहेत, आणि त्यांतला एक तर थेट आपल्या प्रांताच्या नांवावर येऊन बसला आहे. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यांतला र साधा रफार होऊन डोक्यावर जात नाहीं. तो आडव्या कोयत्यासारखा हच्या आधीं बसतो. हा फरक मराठीला प्राणाइतका महत्त्वाचा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. 'आचार्यांना' बोलाविलें तर गुरुजी येतील. 'आचाऱ्यांना' बोलाविलें तर स्वयंपाकी येतील. हा आडवा र युनिकोडांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतो. एक, खालीं टिंब असलेला जो निराळा र तक्त्यांत आहे, त्याला हलन्त जोडून. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढें एक अदृश्य, रुंदी नसलेलें जोडचिन्ह घालून. दोन्ही तऱ्हा मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्हींनीं एकच वऱ्हाड दिसतें. पण आंत एकाचे सहा अंक आणि दुसऱ्याचे सात. अंकाला अंक ताडून पाहणारा साधा शोध एका वऱ्हाडाला दुसरें वऱ्हाड मानीत नाहीं. एकाच ग्रंथालयाच्या यादींत निम्मीं पुस्तकें एका तऱ्हेनें आणि निम्मीं दुसऱ्या तऱ्हेनें चढलीं, तर वऱ्हाडच्या इतिहासावर पुस्तकें शोधणाऱ्याला निम्मींच सांपडतील, आणि बाकीचीं नाहींतच अशी त्याची समजूत होईल.

तीच गत 'ॲ' ह्या स्वराची. वकिलांच्या पाटीवरचा 'ॲड.' पूर्वीं अ वर चंद्र जोडून लिहावा लागे, कारण ह्या स्वराला स्वतंत्र अंकच नव्हता; तो २००८ सालीं मिळाला. दोन्ही लेखनें अजून प्रचारांत आहेत. कित्येकांना ही अक्षरांची कीस काढणी वाटते. पण कागदावर नांव वाचणारा माणूस समजूतदार असतो. थोडासा फरक तो पोटांत घालतो. यंत्राला पोट नाहीं. समजा, एखाद्या शेतकऱ्याचें आडनांव बऱ्हाटे आहे. जमिनीच्या उताऱ्यावर तें एका तऱ्हेनें आणि कर्जखात्यावर दुसऱ्या तऱ्हेनें नोंदलें गेलें. दोन्ही कागद समोर ठेवले तर नांव अक्षरशः एकच दिसतें. पण दोन याद्या यंत्रानें ताडून पाहिल्या आणि त्याला हा फरक शिकविलेला नसला, तर तें म्हणेल, हीं दोन माणसें निराळीं. त्या गृहस्थानें कोणाकडे दाद मागावी? चूक दाखवावी तर ती दिसतच नाहीं.

संकेतांत जें मावत नाहीं तें दफ्तरांतून नाहींसें होतें, हा अनुभव आपल्या जिल्ह्याला जुना आहे. इंग्रजी अमदानींत १९०५ पर्यंत ह्या जिल्ह्याचें सरकारी नांव 'वून' होतें. हें वून म्हणजे आपलें वणी. रोमन लिपींत ण नाहीं, म्हणून तो गेला. शेवटची दीर्घ वेलांटीही गेली. पुढें जिल्ह्याला यवतमाळचें नांव मिळालें, तेंही इंग्रजी कागदांत 'येवटमाल' म्हणून. तेथें ळ ला आसरा नव्हता. गांवचीं माणसें वणीला वणीच म्हणत राहिलीं म्हणून नांव वांचलें. तोंडीं परंपरेचा असा आधार प्रत्येक कागदाला मिळेलच असें नाहीं.

मोडी लिपीचें उदाहरण याहून बोलकें आहे. शतकानुशतकें आपले व्यवहार, खतें, हिशेब मोडींत लिहिले गेले. मग ती शाळेंतून गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे दुर्मिळ झाले. २०२३ सालीं कुणबी नोंदींसाठीं जुनीं दफ्तरें तपासण्याचें काम राज्यभर निघालें, तेव्हां मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकीं सर्वांना उमगली. ज्या अक्षरांवर माणसांचे हक्क अवलंबून होते तीं समोर होतीं, आणि वाचतां येत नव्हतीं. मोडीला युनिकोडांत २०१४ सालीं स्थान मिळालें, ही आनंदाची गोष्ट. परंतु मोडी कागदाचें एक भाग्य आहे: लिपी शिकली कीं तो वाचतां येतो. जुन्या फाँटांतल्या फाईलीला तेवढेंही भाग्य नाहीं. तिची किल्ली फाईलीच्या बाहेर, दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकांत राहिलेली असते.

आणखी एका वाचकाची बाजू ह्या वादांत फारशी कोणी मांडीत नाहीं, आणि आपण ऐकणारी मंडळी असल्यामुळें ती आपल्याला लौकर पटेल. ज्याला डोळ्यांनीं दिसत नाहीं त्याच्यासाठीं पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारीं यंत्रें आज आहेत. तीं चित्र पाहत नाहींत. आंतले अंक वाचतात. युनिकोडांतला 'भारत' तीं 'भारत' म्हणून वाचतात. मुखवट्याच्या फाँटांतला 'भारत' त्या श्रोत्याला एच, के, के, जे, आर असा ऐकूं येतो. डोळस माणसाला जो वाद शास्त्राचा काथ्याकूट वाटतो, तो त्या माणसाच्या बाबतींत पुस्तक उघडें आहे कीं बंद, एवढा थेट प्रश्न आहे.

मग आपण काय करावें? नव्या मजकुराविषयीं उत्तर सोपें आहे: तो युनिकोडांतच लिहावा, कळफलक कोणताही असो, वळण कोणतेंही आवडो. वऱ्हाड आणि ॲड. यांसारख्या जागीं एका संस्थेनें एकच तऱ्हा ठरवावी आणि ती लिहून भिंतीवर लावावी. दोहोंपैकीं कोणती, हें तितकें महत्त्वाचें नाहीं. प्रोग्राम रचणाऱ्यांना मात्र आग्रहानें सांगावें कीं, दोन्ही तऱ्हा एकच मानून शोध घेण्याची सोय ठेवा. ती ठेवतां येते.

जुन्या मजकुराचें काम अधिक नाजूक आहे. यवतमाळांत १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखालीं साहित्य संमेलन भरलें आणि २०१९ सालीं अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखालीं पुन्हां भरलें. पहिल्या वेळचा कोणताही छापील कागद जपला असेल तर आजही उचलून वाचतां येतो. ह्या दोन संमेलनांच्या मधल्या काळांत मराठी लेखन खिळ्यांवरून संगणकावर आलें. शाळांचे अहवाल, वाचनालयांच्या याद्या, सहकारी संस्थांचीं इतिवृत्तें, घराण्यांच्या वंशावळी, कोणा हौशी गृहस्थानें जमविलेलीं गांवचीं गाणीं, असें कितीतरी लेखन जुन्या फाँटांत करून ठेवलेलें आहे. त्याचा युनिकोड करून देणारे प्रोग्राम आहेत. पण मूळ फाँट कोणता हें त्यांना सांगावें लागतें, आणि काम झाल्यावर वेलांटी, रफार आणि आडवा र ह्या तीन जागा माणसानें स्वतः वाचून पाहाव्या लागतात.

म्हणून माझी विनंति एवढीच आहे. आपल्या घरीं, आपल्या वाचनालयांत, आपल्या शाळेंत अशी एखादी फाईल पडून असेल, तर ती ह्या महिन्यांत एकदां उघडून पाहा. उघडली तर फाँटचें नांव कागदावर टिपून तो कागद तिच्याबरोबर ठेवा आणि मजकुराची एक छापील प्रत काढून घ्या. उघडली नाहीं, तर ज्यानें ती टंकलिखित केली त्या माणसाचा शोध घ्या. तो बहुधा आपल्याच गांवांत असेल, धंदा सोडून दुसरें कांहीं करीत असेल. पण कोणता फाँट वापरला होता, हें त्याच्या अजून लक्षांत असेल. तें त्याला आजच विचारून ठेवावें.